शिष्यवृत्ती किती, केव्हा आणि कोणाच्या खात्यात?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांविषयीची पत्रे इतकी आहेत की, वारसनोंदीचे व सातबाऱ्याचे प्रश्न पुढील अंकावर टाकून हे सदर या वेळी याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली असून गाव किंवा तालुका तेवढा ठेवला आहे. बहुतेकांनी ‘आम्ही पात्र आहोत का?’ असे विचारले आहे. आमच्या मते सातारा-सांगलीकडची घरे पात्रतेवर फारशी अडत नाहीत. ती अडतात पैसा हाती येण्याच्या वेळेवर. शासकीय शिष्यवृत्ती ही बहुतांशी झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती असते आणि खर्च मात्र प्रवेशाच्या दिवशी दारात उभा असतो. त्यामुळे उत्तरांत त्या बाजूवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : आमची तीन एकर शेती असून तहसील कार्यालयाच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपये आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. मुलीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या दुसऱ्या फेरीत सांगली जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली. मुलींचे शिक्षण मोफत झाले असे ऐकले होते, तरी महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी बरीच रक्कम मागितली. मग नेमके काय मोफत आहे? (एक पालक, कोरेगाव तालुका)

उत्तर : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून मिळतो. त्यापूर्वी हा लाभ पन्नास टक्के होता आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत मुलांसाठी तो आजही पन्नास टक्केच आहे. खुल्या प्रवर्गातील मुलीचा अर्ज याच योजनेखाली राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. आपल्या मुलीचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असल्यामुळे सर्वांत महत्त्वाची अट पूर्ण झाली आहे. हीच जागा व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावरून घेतली असती, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी लाभ मिळाला नसता. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही या निर्णयातून वगळलेली आहेत, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. अशा संस्थांच्या जाहिराती एसटी स्थानकापासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत सर्वत्र दिसतात आणि प्रवेश घेऊन झाल्यावर शिष्यवृत्ती नसल्याचे कळलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

आता मागितलेल्या रकमेविषयी. महाविद्यालयाच्या एकूण शुल्कात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क हे दोन वेगळे भाग असतात. खासगी विनाअनुदानित संस्थांसाठी ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रत्येक संस्थेचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. शासन देते ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, ग्रंथालय व प्रयोगशाळेची अनामत, वसतिगृह, खाणावळ, बस, गणवेश यांपैकी काहीही त्यात येत नाही. सरसकट ‘मोफत शिक्षण’ असे सांगितले गेल्यामुळे पालकांची जी अपेक्षा झाली ती शासन निर्णयाच्या मजकुरापेक्षा बरीच मोठी आहे, आणि त्याचा मनस्ताप प्रवेशाच्या खिडकीवर पालकांना व कारकुनांना असा दोघांनाही होतो.

आपण महाविद्यालयाकडून मागणीचा तपशील बाबवार व लेखी घ्यावा. मागितलेली रक्कम विकास शुल्क व इतर बाबींचीच असेल तर ती भरणे भाग आहे. तिचे हप्ते पाडून देण्याची विनंती मात्र प्राचार्यांना अवश्य करावी, कारण बहुतेक संस्था ती मान्य करतात. त्या रकमेत शिक्षण शुल्क धरलेले असेल तर परिस्थिती वेगळी आहे. पात्र विद्यार्थिनीकडून ते आगाऊ घेऊ नये अशा सूचना उच्च व तंत्रशिक्षण विभागाने संस्थांना दिलेल्या आहेत. अशा वेळी जागावाटपाचे पत्र व उत्पन्नाचा दाखला जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास तंत्रशिक्षण विभागाच्या पुणे येथील विभागीय कार्यालयाकडे तक्रार करावी. तोंडी वाद घालण्यात अर्थ नसतो. पोच असलेला एक कागद पुष्कळ काम करतो. ‘आधी भरा, शासनाचे पैसे आले की परत करू’ असे संस्थेने सांगितलेच, तर निदान तेवढे लिहून मागावे.

आपल्या पत्रात वसतिगृहाचा उल्लेख नाही, परंतु मुलगी घरापासून दूर राहणार असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहावी. ती अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे, अर्ज त्याच पोर्टलवर होतो आणि शिक्षण शुल्काच्या लाभाबरोबर हा भत्ताही घेता येतो. तीन एकर क्षेत्रामुळे आपल्याला अल्पभूधारकाचा दाखला मिळण्यास अडचण येऊ नये. मुलगी खासगी खोलीत राहणार असल्यास भाडेकराराची प्रत लागते, म्हणून घरमालकाशी बोलणे करतानाच ते ठरवून घ्यावे. करार करून देण्यास नकार देणारे घरमालक बरेच भेटतात आणि अर्जाची मुदत संपत आल्यावर दुसरी खोली मिळत नाही.

प्रश्न : मी सांगलीत विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आमचा प्रवर्ग भटक्या जमाती (क) आहे. गेल्या वर्षीचा माझा अर्ज महाविद्यालयाने व जिल्हा कार्यालयाने मंजूर केला आणि पोर्टलवर निर्वाह भत्त्याची रक्कम वितरित झाल्याचे दिसते, पण माझ्या पासबुकात एक रुपयाही आलेला नाही. महाविद्यालयात विचारले तर बँकेत जा म्हणतात, आणि बँकेत आधार जोडलेले आहे असे सांगतात. (एक विद्यार्थिनी, जत)

उत्तर : दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असावेत. बँकेत आधारची प्रत देऊन खात्याची ओळखपडताळणी करणे ही एक गोष्ट, आणि शासनाचे अनुदान ज्या एकाच खात्यात जावे ते खाते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत आधार क्रमांकासमोर असणे ही दुसरी. अर्जात आपण कोणताही खाते क्रमांक लिहिला असला तरी आधारवर आधारित पैसा या दुसऱ्या नोंदीप्रमाणेच जातो. एखाद्याने नंतर दुसरीकडे खाते उघडताना तशी संमती दिली, तर जुन्या खात्याची नोंद आपोआप सुटते आणि नवीन खाते तिथे बसते. मोबाईलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने यंत्रावर अंगठा घेऊन पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले आणि ते मुलीच्या किंवा तिच्या घरच्यांच्या ध्यानातही राहिले नाही, असे पुष्कळांच्या बाबतीत घडलेले आहे.

प्रथम माय आधार संकेतस्थळावर स्वतःच्या आधार क्रमांकाने प्रवेश करून बँक सीडिंगची, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या नोंदीची, स्थिती पाहावी. ओटीपी येण्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असला पाहिजे. तेथे बँकेचे नाव आणि नोंद सक्रिय आहे की नाही हे दिसते. दुसऱ्याच बँकेचे नाव दिसले तर घाबरू नये, कारण पैसे बहुधा त्याच खात्यात सुरक्षित पडलेले असतात. त्या बँकेतून खात्याचा उतारा घ्यावा. नोंद निष्क्रिय दिसली तर पैसे परत गेलेले असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी आपल्या बँकेच्या शाखेत सीडिंगचे संमतीपत्र भरून द्यावे, नोंद सक्रिय झाल्याची खात्री करावी आणि मग महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागामार्फत जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयाला लेखी कळवून पुन्हा वितरणाची विनंती करावी. अर्जाचा क्रमांक, पोर्टलवरील स्थितीची छापील प्रत आणि पासबुकाचे पहिले पान त्यासोबत जोडावे.

यंदाचा नूतनीकरणाचा अर्ज या गोंधळासाठी थांबवू नये. मागील वर्षाची रक्कम अडकली म्हणून चालू वर्षाचा अर्ज न भरणारे विद्यार्थी दोन्ही वर्षांचे नुकसान करून घेतात.

प्रश्न : आमच्याकडे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आहे, तरीही उत्पन्नाचा वेगळा दाखला का मागतात? (एक पालक, तासगाव)

उत्तर : दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. पहिल्यावर आरक्षणाचा हक्क ठरतो आणि दुसऱ्यावर शिष्यवृत्तीची मर्यादा. क्रिमीलेअर ठरवताना पगार व शेतीचे उत्पन्न धरण्याचे नियम निराळे आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांचे उत्पन्न येते. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे अर्ज भरण्यापूर्वी वाचून घ्यावे, कारण महाविद्यालयाच्या छाननीतून परत येणाऱ्या अर्जांत जुन्या दाखल्यांचा वाटा मोठा असतो.

प्रश्न : मी गवंडीकाम करतो. मोठा मुलगा पदविका अभियांत्रिकीला आहे आणि धाकटी यंदा बारावीला आहे. बांधकाम कामगारांच्या मुलांना वेगळे पैसे मिळतात असे मुकादम सांगतो, पण एका एजंटाने नोंदणी करून देण्याचे तीन हजार मागितले. खरे काय आहे? (एक वाचक, औंध, तालुका खटाव)

उत्तर : मुकादमाची माहिती बरोबर आहे आणि एजंटाची मागणी गैर आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन अपत्यांना शैक्षणिक साहाय्य मिळते. अकरावी व बारावीसाठी वर्षाला १० हजार रुपये, पदविका व पदवी अभ्यासक्रमांसाठी २० हजार, अभियांत्रिकी पदवीसाठी ६० हजार आणि वैद्यकीय पदवीसाठी १ लाख रुपये असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. नोंदणीसाठी मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते कंत्राटदाराकडून, किंवा गावात काम केले असल्यास ग्रामसेवकाकडून मिळू शकते. नोंदणीचे शासकीय शुल्क अगदी नाममात्र असून अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो.

आपल्यासाठी खरा महत्त्वाचा मुद्दा तारखेचा आहे. साहाय्याचा अर्ज करताना नोंदणी सक्रिय असावी लागते आणि तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. म्हणून मुलीच्या निकालाची वाट न पाहता नोंदणी आत्ताच करून घ्यावी. आमचा अनुभव असा की, गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले यांच्या घरांत समाजकल्याणाच्या शिष्यवृत्तीची चौकशी होते, पण या मंडळाकडे फारसे कोणी वळत नाही. तेथील रक्कम कित्येकदा अधिक असूनही ही स्थिती आहे.

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मुलीला बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला असून बारावीला ७१ टक्के गुण आहेत. निवृत्तिवेतनामुळे आमचे उत्पन्न जास्त दिसते, म्हणून काहीच मिळणार नाही असे सर्व जण सांगतात. (एक माजी सैनिक, सातारा तालुका)

उत्तर : सर्व जण सांगतात ते पूर्णपणे खरे नाही. केंद्रीय सैनिक मंडळाची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना अधिकारी दर्जाखालील माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात उत्पन्नाची मर्यादा नाही. बारावीला किमान ६० टक्के गुण असावे लागतात आणि पहिल्या व्यावसायिक पदवीसाठीच ती मिळते, बी. फार्मसी त्यात बसते, साधी बी.ए. किंवा बी.एस्सी. बसत नाही. मुलींना दरमहा ३ हजार व मुलांना २ हजार ५०० रुपये मिळतात, म्हणजे आपल्या मुलीला वर्षाला ३६ हजार रुपये. निवड मात्र ठरावीक संख्येत व गुणानुक्रमे होते, त्यामुळे पात्रता म्हणजे हमी असे समजू नये. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद तपासून घ्यावेत. ज्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी सैनिकी परंपरेची गावे आहेत, तेथील कार्यालयाला या अर्जांची सवय आहे. याखेरीज निवृत्तिवेतन धरूनही कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असेल, तर पहिल्या उत्तरात सांगितलेला शिक्षण शुल्काचा लाभ वेगळा तपासावा.

प्रश्न : मुलाला अभियांत्रिकीत प्रवेश मिळाला आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातील असल्याने शिक्षण शुल्क निम्मे माफ होईल, पण उरलेले निम्मे आणि वसतिगृहाचा खर्च उभा राहत नाही. बँक घराचे कागद तारण मागते. कर्ज काढावे का? (एक पालक, विटा)

उत्तर : काढावे, पण उरलेल्या खर्चापुरतेच. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र शासनाच्या पतहमी योजनेचे संरक्षण असल्याने घर किंवा जमीन तारण मागण्याचे कारण नाही. पालक सहकर्जदार असणे पुरते. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. शाखेत तोंडी नकार मिळाला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करावा, म्हणजे नकाराची लेखी नोंद राहते.

व्याजाची बाजूही पाहावी. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक व तंत्रशिक्षणाच्या कर्जावर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष व्याज शासन भरते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र ती निवडक दर्जेदार संस्थांपुरती असून इतर शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्यास मिळत नाही. शुल्कातील निम्मी माफी सोडून ही सवलत धरणे आपल्याला तोट्याचे होईल.

एक धोका येथे सांगणे आवश्यक आहे. शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावर उत्पन्न शक्य तितके कमी लिहून आणण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. पुढे तोच पालक कर्जासाठी आयकर विवरणपत्र दाखवतो, आणि दोन कागदांतील तफावत बँकेच्या अधिकाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसते. मर्यादा ८ लाखांची असताना खरे साडेतीन लाखांचे उत्पन्न ऐंशी हजार दाखवून काहीही अधिक मिळत नाही.

प्रश्न : मी कला शाखेच्या पहिल्या वर्षात आहे. बारावीला मला मंडळात चांगले गुण होते. सगळ्या योजना अभियंते व डॉक्टर होणाऱ्यांसाठीच आहेत का? महाविद्यालयात काम करून शिकावे तर मित्र हसतात. (एक विद्यार्थी, दहिवडी, तालुका माण)

उत्तर : केंद्र शासनाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती नेमकी आपल्यासारख्यांच्या कामाची आहे. बारावीला आपल्या मंडळात वरच्या २० शततमकात, म्हणजे गुणानुक्रमे वरच्या वीस टक्क्यांत, आलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या नियमित विद्यार्थ्यांना पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२ हजार व पदव्युत्तर शिक्षणात २० हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी ८२ हजार नवीन शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांतील निम्म्या मुलींसाठी आहेत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो, महाडीबीटीवर नव्हे. माण-खटाव भागातून तो कमी जाण्याचे कारण हेच असावे, कारण सेवा केंद्रात गेले की महाडीबीटीचेच पान उघडले जाते. दुसरी शिष्यवृत्ती घेत असताना ही मिळत नाही, तेव्हा निवड करावी लागेल. अनुदानित कला महाविद्यालयाचे शुल्क मुळातच थोडे असल्याने शुल्कमाफीपेक्षा १२ हजार रोख बहुतेकांना अधिक उपयोगाचे ठरतात. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती लागते.

कामाविषयी म्हणाल तर ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले, तेथे काम करून शिकणाऱ्याला हसणाऱ्यांची आम्हाला गंमत वाटते. या योजनेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज काही तासांचे काम असते आणि तासावर मानधन मिळते. रक्कम मोठी नसते, परंतु शिष्यवृत्तीप्रमाणे ती वर्षाअखेर येत नाही; महिन्याच्या खाणावळीला उपयोगी पडते. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी विकास विभागाकडे सत्राच्या सुरुवातीलाच नाव द्यावे, कारण जागा मोजक्या असतात.

प्रश्न : सेवा केंद्रवाल्याने मुलाचा अर्ज भरला, पण आता महाविद्यालयाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे आणि पासवर्ड त्याच्याकडेच आहे. प्रत्येक वेळी तो दोनशे रुपये घेतो. (एक पालक, कवठेमहांकाळ)

उत्तर : पोर्टलवर ‘पासवर्ड विसरला’ या सोयीतून नवीन पासवर्ड घेता येतो, मात्र अर्जात मोबाईल क्रमांक मुलाचा असला पाहिजे. केंद्रवाल्याने स्वतःचा क्रमांक टाकला असेल तर मुलाच्या आधार पडताळणीने प्रवेश करून आधी तो बदलून घ्यावा. अर्ज परत का आला याचे कारण पोर्टलवर लिहिलेले असते. बहुधा अस्पष्ट स्कॅन, चुकीचा गुणपत्रिका क्रमांक किंवा आधारवरील व दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावातील फरक एवढेच असते. दुरुस्ती करून अर्ज पुन्हा सादर केल्याशिवाय तो महाविद्यालयाच्या कारकुनाच्या लॉगिनमध्ये जात नाही, आणि मुदत संपल्यावर परत आलेला अर्ज तसाच पडून राहतो. म्हणून महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात मुलाला स्वतः पाठवून, दुरुस्ती त्यांच्यासमोर तपासून, त्याच दिवशी अर्ज सादर करून घ्यावा.